राहून गेलेला ‘व’

तबेल्याची माडी,
९ जानेवारी

ती. बाबांस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राला दोन महिने उशीर झाला. रागवायचं ते रागवा, पण आधी बातमी ऐका. चार नोकऱ्या सोडून पळालेला तुमचा मुलगा या पाचव्या नोकरीत वर्षभर टिकलाय. नुसता टिकला नाही, इथल्या बाईंनी त्याला शेणाच्या पाटीवरून उचलून खोगिरावर बसवलंय. बातमी अशी की मी आता रोज सकाळी मावशीला घेऊन आरशांपुढे नाचतो.

मावशी म्हणजे राखाडी घोडी. वय सोळा. कागदोपत्री तिचं नाव हातभर लांब आहे, पण ती उठता-बसता नाक मुरडते म्हणून मी मावशी ठेवलं. बाई म्हणजे आमच्या मास्तरीणबाई. साठीच्या आहेत, काठी घेऊन चालतात, पण घोड्यावर बसल्या की काठी कुणाची होती असं वाटतं. त्यांच्याकडे शर्यत नाही, उडी नाही. घोड्याने सुरात चालायचं, आडवं सरकायचं, जागच्या जागी दुडकायचं. आणि स्वाराने काय केलं ते बघणाऱ्याला दिसताच कामा नये.

पत्र्याचं मोठं छप्पर आहे, खाली वाळू, एका भिंतीला छतापर्यंत आरसे. सकाळी दारातून धुकं आत येतं आणि आरशांवर बसतं. मग पलीकडून एक राखाडी घोडी आणि एक माणूस संथपणे येताना दिसतात. तो माणूस मी आहे हे मला दर वेळी उशिरा कळतं. तो इतका स्वस्थ बसलेला असतो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सामने आहेत. बाई मला उतरवणार म्हणतात. सोबत फोटो पाठवतोय. कोट आणि पांढरे हातमोजे त्यांनीच दिले. हसू नका.

तुमचा लोभ अर्धा ताईला, अर्धा मला वाटावा. काही उरला तर मावशीला.

आपला,
धाकटा

*

भट्टीमागची खोली,
२१ जानेवारी

चि. भिंगऱ्यास,
ताईचे अ. उ. आ. आणि एक जोरदार कानपिळी.

अरे शहाण्या, चौथीतून पळालास तेव्हा निदान बाराखडी तरी पुरी करायची होतीस! तू काय लिहून बसलास ते तुला ठाऊक तरी आहे का?

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिवणाच्या दुकानात होते. बाबांच्या चष्म्याची काच ठिणगी उडून तडकली होती. तुझ्या पत्रासाठी धीर धरवेना म्हणून त्यांनी ते गाडीवानाकडे दिलं, मोठ्याने वाच म्हणून. गाडीवान कसा आहे माहीतच आहे तुला, त्याला हळू बोलणं म्हणजे शिक्षा. भट्टीवर नाल मारून घ्यायला आलेली पाच-सहा गिऱ्हाईकं, सगळी घोड्यांची माणसं. त्याने वाचलं की मी रोज सकाळी मावशीला घेऊन आरशांपुढे नाचतो. झालं. पुढचं कोणी वाचूच दिलं नाही. एकाने विचारलं की कुणाची मावशी, दुसरा म्हणाला की घुंगरं ताईने शिवून पाठवली असतील. तेवढ्यात पाकिटातून तुझा फोटो पडला. पांढरे हातमोजे. पुढे काय झालं असेल ते तूच समज.

मी घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. तुला ‘नाचवतो’ लिहायचं होतं. एक ‘व’ गाळलास, बाबा! मी बाबांना सांगितलं की तो घोडी नाचवतो, स्वतः नाचत नाही. ते म्हणाले की फरक काय पडला. पुरुषाने घोड्यावर बसावं तर धूळ उडाली पाहिजे, भिंत ओलांडली पाहिजे. आरशात बघत कंबर सांभाळणं ही पोरींची कामं आहेत. चार पिढ्या घोड्यांचे पाय हातात घेतले, पण घोड्यावर बसून कुणी नटलं नाही, असंही म्हणाले. तुझ्याच तबेल्यात उड्यांचा विभाग आहे ना, तिकडे जा म्हणतात. नाहीतर भट्टीचं दार तुला बंद.

फोटो खिळ्यांच्या डब्याखाली गेलाय. मी तो काढलेला नाही, कारण डबा कुणी हलवला तर त्यांना लगेच कळतं.

मला विचारशील तर तू त्यात छान दिसतोस. पण मला कोण विचारतंय? लोभ आहेच, रागाच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय.

तुझी,
ताई

*

तबेल्याची माडी,
३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘व’ वाचून मी माडीवर एकटाच हसलो आणि मग हसू आटलं. एवढंसं अक्षर, पण त्याने बाबांची मान खाली घातली.

इथेही काही वेगळं नाही, ताई. बाईंच्या हाताखाली नऊ मुली आणि मी एकटा बाप्या. पलीकडच्या मैदानात उडीवाले आहेत. ते मला वहिनी म्हणतात. आज वहिनींचा मूड कसा आहे, वहिनी पडदा लावा ऊन लागेल. मावशीच्या आयाळीच्या बारीक वेण्या मी घालतो तेव्हा तर त्यांचा बाजारच भरतो. तुझा हात मोडला होता तेव्हा दोन महिने तुझी वेणी कोण घालत होतं, ते त्यांना काय माहीत! गंमत म्हणजे मला बसवण्याआधी त्यातल्याच एकाला बाईंनी मावशीवर बसवून बघितलं होतं. दाणगट गडी. ती जी उभी राहिली, ती उभीच. त्याने टाचा मारल्या, मावशीने नाक मुरडलं.

बाई म्हणतात की लगाम असा धरायचा, जसा झोपलेल्या पोराच्या मुठीतून खुळखुळा काढून घेतो. ते मला एकदम समजलं. कसं ते सांगता येत नाही. मावशी बिथरली की मी एक सूर गुणगुणतो, शब्द नाहीत, नुसता खाली-वर जाणारा सूर. कुठे शिकलो आठवत नाही. तो लागला की तिचे कान मागे वळतात, पाठ मऊ होते, आणि मग ती जागच्या जागी दुडकायला लागते. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम वर, मग दुसरी जोडी. पुढे काही जायचं नसतं. कुठेच जायचं नसतं, ताई. तू म्हणतेस ना की माझ्या पायाला भिंगरी आहे? ती भिंगरी रिकिबीत पाय गेला की थांबते. बेकरीतून पळालो, रंगाच्या कारखान्यातून पळालो, बोटीवरून पळालो, थेटरातून पळालो. इथून मात्र पळावंसं वाटलं नाही.

पण बाबांना भट्टीवर हसतात हे मला सहन होणार नाही. मी उड्यांच्या मास्तरांना विचारलं. ते हो म्हणाले. बाईंनी हातमोजे मात्र परत मागितले नाहीत.

सोमवारपासून तिकडे जातो. बाबांना सांग, धूळ उडेल.

तुझ्या लोभाचा वरचा कप्पा कधी उघडतेस ते कळव.

तुझा,
भिंगऱ्या

*

भट्टीमागची खोली,
१७ फेब्रुवारी

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

बाबांना सांगितलं. त्या दिवशी भाकरी दोन जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी गाडीवान आला तेव्हा त्याने न विचारताच बाबांनी ऐकवलं की आमचा धाकटा आता चार-चार फुटी भिंती ओलांडतो. गाडीवान म्हणाला की मग मावशी कुणाकडे दिली. पण हसलं कुणी नाही फारसं.

तर तुला हवं होतं ते झालं. मग तुझी मागची चार ओळींची चिठ्ठी अशी कोरडी का? घोडा तांबडा आहे, जेवण बरं आहे, सगळे बरे वागतात. अरे, असं पत्र तर विम्याचा एजंटसुद्धा लिहीत नाही. धुकं नाही, आरसे नाहीत, कुणी नाक मुरडलेलं नाही. तुझं पहिलं पत्र मी मशीनवर बसून तीनदा वाचलं होतं आणि एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. ही चिठ्ठी वाचून माझं सगळं काम बिनचूक झालं.

तो सूर मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. ज्याचा आहे त्यालाच विचार. घरात माणसं किती? मी नव्हे, आणि आई जाऊन दहा वर्षं झाली, तीही नव्हे.

लोभाचा वरचा कप्पा उघडलाय. आत बघायला तू कुठे आहेस?

तुझी,
ताई

*

तबेल्याची माडी,
२ मार्च

ती. बाबांस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हे पत्र गाडीवानाला वाचायला दिलंत तरी चालेल. या वेळी अक्षरं मोजून लिहितोय.

चार आठवडे मी उड्या मारल्या. तांबडा घोडा आहे, पाच वर्षांचा, भित्रा. गेल्या गुरुवारी भिंतीपुढे तो तीनदा थांबला. कठड्यावर सगळे बसले होते. ओरडायला लागले की मालक कोण ते दाखव त्याला, वहिनी आहेस की माणूस. मी दाखवलं. लगाम खेचून धरला, चाबूक ओढला, आणि तो उडाला. कसा उडाला ते त्यालाच माहीत. उतरलो तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. वर्षभरात पहिल्यांदा मला कुणी वहिनी म्हटलं नाही. आणि बाबा, धूळ पुष्कळ उडाली होती.

तुम्ही शिकवलं होतंत की घोडा आला की खुराआधी तोंड बघायचं. सवयीने बघितलं. फेस गुलाबी होता. ओठाचा कोपरा चिरला होता. तो माझ्यापासून लांबसुद्धा झाला नाही, नुसता माझ्या डोळ्यांत बघत उभा राहिला, जसं हे असंच असतं. लगामाचं लोखंड धुताना पाणी किती तरी वेळ लाल येत होतं की मलाच तसं वाटत होतं, सांगता येत नाही. पाठीवर अजून थापा लागत होत्या.

सगळेच उडीवाले असे नाहीत, हे खरं. त्यांचे मास्तर स्वतः हात हलका ठेवतात. पण मी तिथे घोड्यासाठी गेलोच नव्हतो. मी तुमच्या भट्टीवरच्या माणसांसाठी गेलो होतो. त्यांना दाखवायला माझ्याकडे त्या तांबड्या पोराचं चिरलेलं तोंडच होतं.

शुक्रवारी सकाळी परत बाईंकडे गेलो. त्यांनी नुसतं घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या की उशीर झाला, मावशी वाट बघून चिडलीय. खरंच चिडली होती. दोन फेऱ्या तिने मला नुसतं फिरवलं. मग धुकं आलं, आरसे पुसट झाले, मी तो सूर धरला, आणि तिची पाठ हळूहळू वर आली, जसं झोपेत कुणी श्वास घेतं तशी. सगळा भार मागच्या पायांवर घेऊन ती जागच्या जागी दुडकत राहिली. समोरचा तो स्वस्थ माणूसही परत आला होता. मी त्याला ओळखलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी शेपटीचा कोट आणि पांढरे हातमोजे घालून मावशीवर बसणार आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. भट्टीचं दार तुमचं आहे, तुम्ही बंद ठेवलंत तर मी उंबऱ्याबाहेरून नमस्कार करून जाईन.

एकच विचारायचं होतं. तो सूर कुणाचा? ताई सांगत नाही.

लोभ मागत नाही या वेळी. तुम्हाला वाटेल तसं.

आपला,
धाकटा

*

भट्टीमागची खोली,
१४ मार्च

चि. भिंगऱ्यास,
अ. उ. आ.

चष्मा दुरुस्त होऊन आलाय, तरी बाबांनी तुझं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. गुलाबी फेसाशी आले की हात वर करून थांबवायचे, जरा वेळाने पुढे म्हणायचे. सुराच्या प्रश्नाशी आले की उठून बाहेर जायचे. तिन्ही वेळा.

मग दोन दिवस गप्प. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे भाता बंद, भट्टी गार, असं असतं ना, तसं नाही. काम चालू, तोंड बंद. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून येत होते तर कोपऱ्यावरूनच घणाचा आवाज आला. पण नेहमीचा नाही. हलका, दोन-दोनचा. टक टक, टक टक. मध्ये लोखंड पालटण्याचा थांबाच नाही. दारात येऊन बघते तर ऐरणीवर काहीच नव्हतं! बाबा रिकाम्या ऐरणीवर हातोडी वाजवत होते, डोळे मिटून. भट्टीचा उजेड त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला होता, बाकी सगळं राखेच्या रंगाचं. आणि गाडीवानाची ती म्हातारी घोडी, जी नाल बसवायला बांधून ठेवली होती, ती पाय उचलत होती. शपथ! एक जोडी, मग दुसरी. गाडी ओढून ओढून जिचे गुडघे सुजलेत ती. फार नाही, चार-पाच वेळाच. मग तिला लाज वाटली असावी, थांबली.

मी पावलं न वाजवता मागच्या दाराने आत गेले.

काल गाडीवान घोडी न्यायला आला. बाबा तिचा शेवटचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. त्याला म्हणाले की धाकट्याचं ते जानेवारीचं पत्र फळीवर आहे, पुन्हा वाच, मोठ्याने, या वेळी शेवटपर्यंत. त्याने वाचलं. मावशीला घेऊन नाचतो, तेही वाचलं. एकजण खोकल्यासारखं हसला. बाबांनी मान वर केली आणि खिळा दातांतून काढून विचारलं की तुझ्या घोड्याचा नंबर उद्या आहे ना. मग धुकं, आरसे, सगळं शांतपणे वाचून झालं. गाडीवान शेवटी म्हणाला की पोरगा लिहितो बरं. त्याची घोडी ऐकत होती की काय कोण जाणे, मान डोलावत होती.

आता कामाचं. मावशीचे चारही खूर एकेक करून कागदावर ठेव आणि पेन्सिलीने कड काढून पाठव. पुढचे-मागचे, डावे-उजवे नीट लिही. त्यात एखादं अक्षर खाल्लंस तर बघ! त्यांना माप हवंय. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

खिळ्यांचा डबा जागेवरच आहे. खाली आता काही नाही. फोटो कुठे गेला ते मी शोधत नाही.

दोन्ही कप्पे उघडे आहेत.

तुझी,
ताई

*

भट्टी,
२३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. हातोडीचा हात आहे. वाकडं दिसेल ते सरळ समजून घे.

सोबत नाल चार. गाडीच्या घोड्यांच्या नालांहून वजनाला निम्मे. मागचे दोन जरा रुंद केलेत, भार तिथे येतो म्हणालास म्हणून. मागच्या डाव्या खुराची बाहेरची कड झिजली आहे, तुझ्या पेन्सिलीवरून दिसलं. तिथल्या नालबंदाला दाखव. आणि त्याला सांग की घोडीला दोरीने जखडायचं नाही. तू तिच्या डोक्याशी उभा राहा आणि तो सूर म्हण.

सूर माझा आहे. तरुण होतो तेव्हा नाल बसवताना म्हणायचो. कसलंही बुजरं जनावर पाय द्यायचं. तू झालास तेव्हा फार रडायचास. तुझी आई म्हणाली की घोडे शांत होतात तर पोर का होणार नाही, तुम्हीच झोपवा. तीन वर्षं मी झोपवलं तुला. मग भट्टीवर एकदा कुणी तरी म्हणालं की हा नालबंद आहे की दाई. सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून म्हटला नाही. तुझ्यासाठीही नाही. तेव्हापासून घोडे दोरीने जखडतो. जखडलेलं जनावर पाय देतं, पण त्याचे डोळे मी बघत नाही. वीस वर्षं बघितले नाहीत. तू त्या तांबड्याचे बघितलेस.

मी तुला दार बंद म्हणालो. ते दार बिजागरी गंजून चार वर्षं लागतच नाही. रागात आठवलं नाही. सामने झाले की ये. नंबर येवो, न येवो.

तुझं पहिलं पत्र आता स्वतः वाचलं. ताई म्हणते त्यात एक ‘व’ राहिला. घालायचा म्हणून पेन्सिलीला टोक केलं होतं. नाही घातला. जनावराला पळवता येतं, जखडता येतं. नाचवता येत नाही. बरोबर कुणी नाचलं तरच ते नाचतं. तू लिहिलंस ते चूक नव्हतं. तसंच राहू दे.

लोभ आधीही होता. लिहिला आज.

बाबा